बंडीवरचे आकाश

कापूस भरून दोरे घातलेल्या बंडीवर मृग, रोहिणी आणि कृत्तिका उठवावयाचे जळगाव वा धुळ्याकडील एखाद्या स्त्रीने मनात आणले, तर सुईत दोरा ओवण्यापूर्वीच एक तात्त्विक प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो : ज्याला हद्द नाही, त्याला छातीएवढ्या कापडात आणणे ही उपासना, की अधिक्षेप? वेदान्ती म्हणेल, घटाने आकाश विभागले जात नाही, विभागल्याचा केवळ भास होतो. हे खरे; परंतु या उत्तराने घट निरर्थक ठरतो, आणि ते मला मान्य नाही.

याच मुलखात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे, शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला व निकुंभ राजांनी त्याला उत्पन्नाची तरतूद करून दिली, असे तो सांगतो. त्या भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीस 'खहर' म्हटले, आणि प्रलयकाळी भूतगण प्रवेशले वा सृष्टिकाळी बाहेर पडले तरी अनंत अच्युताला जसा विकार होत नाही, तसा या राशीलाही मिळवणी-वजाबाकीने होत नाही, असा दृष्टांत दिला. अनंताला पाटीवर चिन्ह देण्यात त्यांना अधिक्षेप वाटला नाही. उलट त्या चिन्हामुळेच त्याचे अविकारित्व बुद्धीच्या कक्षेत आले.

सुईचेही तसेच आहे. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका वरचे कापड, कापूस आणि अस्तर यांतून जातो. दोऱ्याचा काही अंश तारा म्हणून बाहेर दिसतो, उरलेला आत अंगाशी राहतो, आणि तेथे तेच नक्षत्र उलट उमटते. मृगाचे तारे परस्परांपासून अतिदूर आहेत, त्यांची आकृती मनुष्याच्या दृष्टीने जोडलेली आहे; तथापि त्याच जोडलेल्या मृगाची वाट पाहून कोरडवाहू शेतकरी सरकी टोबतो, म्हणून बंडीत भरलेला कापूसही त्या नक्षत्राचा ऋणी आहे.

अमेरिकेतील आयोवा प्रांतात एलेन हार्डिंग बेकर या बाईंनी १८७६ साल घातलेल्या लोकरी रजईवर सूर्य, ग्रहांच्या कक्षा आणि धूमकेतू उठविला होता, आणि खगोलशास्त्रावरील व्याख्यानांत त्या ती रजई श्रोत्यांपुढे मांडीत. ज्ञानाचे इतके निष्ठावंत शिवणकाम मला दुसरे ठाऊक नाही.

मात्र आपल्या बंडीला नक्षीची चौकट घालू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. तारे शिवणीपर्यंत जाऊ द्यावेत, आणि काखेपाशी कृत्तिका अर्ध्यावर तुटल्या तरी त्या आत सरकवू नयेत. कापड तेथे संपते, आकाश नव्हे.