लखोबाचे हसू

लबाड माणूस पाहून रागवायचे सोडून आपण हसतो, याचा अर्थ काय करायचा? गेल्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्या हिमायतनगरच्या घरी हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. भाच्याने मोबाइल भिंतीशी टेकवून ‘तो मी नव्हेच’ लावले होते. आचार्य अत्र्यांचे हे नाटक १९६२ सालचे. माधव काझी नावाच्या भामट्यावरील खटल्यातून ते त्यांना सुचले. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे नावे पालटतो, वेष पालटतो, लग्ने करतो, दागिने घेऊन पसार होतो. आणि न्यायालयात स्वतःच स्वतःचा वकील होऊन, फसवलेल्या बाईच्या तोंडावर कानांवर हात ठेवतो. प्रभाकर पणशीकर पाच रूपांत आले की फिरता रंगमंच आणि आपली विवेकबुद्धी दोन्ही एकदमच फिरतात!

भाचा म्हणाला, “मामा, हे तर ब्रेकिंग बॅडच की!”

त्या अमेरिकन मालिकेतला (२००८ ते २०१३) वॉल्टर व्हाइट माझ्यासारखाच शाळामास्तर. कर्करोग झाल्यावर घरच्यांसाठी पैसा हवा म्हणून तो अमली पदार्थ बनवू लागतो. थट्टा आणि खून तिथे एकाच ताटात वाढलेले. त्याची कारणे मला मास्तराला फार लवकर पटतात. शेवटी तोच कबूल करतो, की हे घरासाठी नव्हते, तेव्हा ओशाळायला होते.

लखोबापाशी असले कारणही नाही. आहे तो केवळ हजरजबाबीपणा. तरी आपण त्याच्या बाजूचे होतो. घरी, शाळेत, कचेरीत जन्मभर ‘होय, मीच तो’ म्हणून मान खाली घालणाऱ्यांना त्याचा निर्लज्जपणा सुटीच्या दिवसासारखा वाटत असावा.

सगळे हसत होते. आत्याबाई तेवढ्या मधूनच गप्प झाल्या. पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांचे लग्न हैदराबादेत नोकरीला असल्याचे सांगणाऱ्या मुलाशी लागले. नोकरी नव्हती, पहिली बायको मात्र होती. घरात हे कुणी बोलत नाही. मला ठाऊक होते, तरी मी हसत होतो.

नाटक संपल्यावर मी विचारले, “आत्याबाई, आवडलं नाही का?”

“चांगलं करतो की तो. मलाही हसू आलं. आमचाही असाच गोड बोलायचा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण त्या कोर्टातल्या बाया पुढं कुठं राह्यल्या रे, बाबा?”

भाचा मोबाइल चार्जिंगला लावायला उठला होता. मी त्यांचे अंथरूण झटकून घालून दिले.