जतन केलेले गलबत आणि त्याचे कर्म

थीसियसच्या गलबताचा प्लूटार्कने नोंदवलेला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात बहुधा द्रव्य आणि रूप यांच्यापुरताच चर्चिला जातो. कुजलेली फळी काढून नवी बसवत गेल्यास अखेरीस उरते ते गलबत तेच की दुसरे? हॉब्जने त्यात पेच वाढवला : काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवून पुन्हा जोडल्या, तर दोहोंपैकी खरे कोणते? या साऱ्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. गलबत काय करीत होते, याचा त्याच्या 'तेच'पणाशी काही संबंध नाही, असे ते गृहीतक. एखादे राबते गलबत समोर आले की ते टिकत नाही, असे मला वाटते.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातील मिस्टिक सीपोर्ट या सागरी संग्रहालयात 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे जहाज आहे. देवमाशांच्या शिकारीसाठी बांधलेल्या अमेरिकी लाकडी जहाजांपैकी उरलेले हे एकमेव. न्यू बेडफर्ड येथे १८४१च्या जुलैत ते पाण्यात उतरले, १९२१पर्यंत त्याने ३७ सफरी केल्या आणि १९४१मध्ये ते संग्रहालयात आले. २००८ ते २०१३ या काळात त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. तळाचा कणा मूळचा आहे. पाण्यावरचा बहुतेक भाग वेळोवेळी बदललेला.

मराठीच्या अभ्यासकाला ही अवस्था अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हाही मूळ काय आणि भर कोणती हाच प्रश्न होता. पण तेथे 'मूळ' म्हणजे शब्द, हे तरी निश्चित होते. येथे मूळ म्हणजे काय? लाकूड म्हणावे, तर ते थोडेच उरले आहे. आकार म्हणावा, तर आकार कशातून आला हे विचारावे लागते.

आणि तो आला आहे शिकारीतूनच. उजव्या कठड्याचा एक भाग काढता येतो, कारण मारलेले जनावर त्या बाजूस बांधून, बाहेर लोंबत्या फळ्यांवर उभे राहून त्याची चरबी सोलायची असे. बाजूंना टांगलेल्या होड्या हलक्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या आहेत, कारण भाला लागताच झटकन मागे फिरता आले पाहिजे. डेकवर विटांची भट्टी आहे, तीत लोखंडी कढया. डेकने पेट घेऊ नये म्हणून भट्टीखाली पाणी राखीत. भट्टी आरंभी लाकडावर पेटे, नंतर कढवून उरलेल्या चरबीच्या चोथ्यावर. म्हणजे देवमासा आपल्याच देहाच्या इंधनावर कढवला जाई. सौंदर्य रूपात आणि क्रौर्य कार्यात, अशी सोयीची वाटणी या डेकवर करता येत नाही. येथील प्रत्येक रेषेचे कौतुक हे एका हत्यापद्धतीच्या नेमकेपणाचे कौतुक आहे. संग्रहालयाला मात्र वस्तूचे सातत्य हवे असते आणि कर्माचा खंड.

यावर आक्षेप असा, की आजच्या नीतीने गतकाळाला जोखू नये. तो निम्माच खरा आहे. ज्याच्या नावाने हे जहाज ओळखले जाते तो चार्ल्स मॉर्गन क्वेकर होता. रक्तपाताला धर्मतः विरोध असलेल्या पंथातला. तेव्हा विसंगती त्या काळातच होती आणि मेल्व्हिलने ती पाहिली. 'मोबी-डिक'मधील (१८५१) जहाजमालक बिल्डाड आणि पेलेग हे क्वेकर आहेत. नफ्याचा तीनशेवा हिस्सा इश्माएलला, नव्वदावा क्वीक्वेगला. (मेल्व्हिल स्वतः 'अॅकुश्नेट'वरून निघाला तो जानेवारी १८४१मध्ये, म्हणजे 'मॉर्गन' पाण्यात उतरण्याच्या काही महिनेच आधी. हे जहाज त्या कादंबरीवाचून वाचणे आता अशक्यच झाले आहे.) हिस्सा विभागला की पापही विभागले जाते आणि तीनशेव्या भागाला ते जाणवेनासे होते. दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्याच्या वाट्याला किती आले, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही.

२०१४मध्ये 'मॉर्गन' पुन्हा समुद्रात गेले. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील स्टेलवॅगन बँक या संरक्षित क्षेत्रात ते देवमाशांच्या सान्निध्यात फिरले, या वेळी केवळ पाहण्यासाठी. याकडे समेट म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला हा शब्द उसना वाटतो. समेटाला दुसरा पक्ष लागतो आणि येथे दुसऱ्या पक्षाला वाचाच नाही. क्षमा मागणारा आणि देणारा दोन्ही आपणच. तरीही त्या उपक्रमातील एक गोष्ट मला प्रामाणिक वाटते. तिला पहिली सफर म्हटले नाही, अडतिसावी म्हटले. मोजणी पुढे चालवणारा आधीच्या सदतिसांचा वारसाही पत्करतो, मग त्याचा तसा हेतू असो वा नसो. थीसियसच्या प्रश्नाला हे उत्तर फळ्या मोजून मिळत नाही. गलबत 'तेच' ठरते ते कोणी तरी त्याच्या कर्माचे उत्तरदायित्व स्वीकारतो म्हणून. आणि ते स्वीकारले, की डेकवरची ती थंड, स्वच्छ, गंधहीन भट्टी पूर्वीसारखी निरखता येत नाही.