बारा टोपल्या आणि आपला उकिरडा



पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाले, एवढे आपल्या लक्षात राहते. त्यानंतर प्रभूने काय केले, ते मात्र आपण विसरतो. सर्वांची पोटे भरल्यावर त्याने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काहीही वाया जाऊ नये म्हणून (योहान ६). ज्याच्या हातून भाकरी वाढत होती, त्याला उरल्यासुरल्या तुकड्यांची काय गरज? तरीही बारा टोपल्या भरल्या. देवाच्या घरी विपुलता आहे, पण उधळपट्टी नाही.

१ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा सृष्टीसाठी विशेष प्रार्थना करते. या दिवसांत आपण आपल्या घरातील बारा टोपल्यांचा विचार करू या. भाजीची देठे, केळीची साले, चहाचा चोथा, निवडलेल्या मेथीच्या काड्या. या टोपल्या कोठे जातात?

आपल्यापैकी अनेकांची मुळे गंगापूर, वैजापूरकडच्या खेड्यांत आहेत. तेथे घरामागे उकिरडा असे. शेण, राख, पालापाचोळा, गोठ्यातला गाळ सारे त्यात पडे आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन बैलगाडीतून शेतात जाई. जमिनीतून आलेले जमिनीला परत मिळे. आपण शहरात राहायला आलो. उकिरडा बंद झाला असे आपल्याला वाटले. खरे तर तो दुसऱ्याच्या दारी गेला.

ते दार नारेगावचे होते. अनेक दशके आपल्या शहराचा कचरा तेथे उघड्यावर टाकला गेला. धूर, दुर्गंधी, माश्या आणि खराब झालेले पाणी तेथील लोकांच्या वाट्याला आले. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. नारेगावकरांनी त्याहून कितीतरी अधिक वर्षे वाट पाहिली. अखेर १६ फेब्रुवारी २०१८ पासून त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. तेव्हाच्या औरंगाबादेत रोज चारशे टनांहून अधिक कचरा निघत होता. तो रस्त्यारस्त्यांवर साचला. ७ मार्चला मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, माणसे जखमी झाली.

तो उपवासकाळ होता. नाकाला रुमाल लावून आपण क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला येत होतो आणि दोष कोणाचा यावर चर्चा करीत होतो. त्या ढिगांत आपल्याही घरची साले आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी पापनिवेदनात सांगितले? त्यानंतर शहरात प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु केंद्र यंत्राचे काम करते, अंतःकरणाचे नाही. ओला-सुका कचरा एकत्र बांधून देण्याची सवय आपली आपणच सोडायची आहे. ती पिशवी शेवटी कोणीतरी भगिनी उघड्या हाताने सोडते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वस्तू वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी इशारा दिला. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश आपण एकत्र ऐकला पाहिजे, असे त्यांनी शिकवले. नारेगावात हे दोन्ही आक्रोश एकाच ठिकाणाहून येत होते.

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी शाश्वत शेतीचा जो विचार मांडला, तो 'पर्माकल्चर' या नावाने ओळखला जातो. त्याची तीन मूल्ये आहेत: भूमीची काळजी घ्या, माणसांची काळजी घ्या आणि गरजेपुरते ठेवून बाकीचे वाटून घ्या. नाव नवे असले तरी शिकवण आपल्या ओळखीची आहे. आपल्या प्रांतातही ती कृतीत उतरली आहे. १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातून पाणलोट विकासाचे मोठे काम उभे केले. गावाने श्रमदान करावे, झाडांवर कुऱ्हाड चालवू नये, मोकाट चराई थांबवावी, अशा त्या कामाच्या अटी होत्या. पैसा बाहेरून येऊ शकतो, पण माती आणि पाणी गावाने एकत्र येऊनच राखावे लागते, हे त्यांनी जाणले होते.

आपल्या धर्मग्रामालाही हे जमेल. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या आपण फेकत नाही. त्यांचीच राख पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळी लावतो. मग वेदीवरची सुकलेली फुले प्लास्टिकच्या पिशवीत का जावीत? आवारातल्या कडुनिंबाचा पाला का पेटवावा?

म्हणून पुढील रविवारपासून चर्चच्या मागच्या बाजूला दोन ड्रम ठेवण्यात येतील. मिस्सेला येताना घरातील भाजीची देठे-साले आणा. तेलकट, शिजलेले अन्न व हाडे आणू नका. ओल्या थरावर सुक्या पाल्याचा थर, मधूनमधून थोडे शेणाचे पाणी आणि आठवड्यातून एकदा हलवणे, एवढेच काम आहे. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून सुका पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. आगमनकाळाच्या आरंभी एक वाफा करून मेथी, पालक, कोथिंबीर पेरू या. पाण्याची ओढ आपल्या शहराला ठाऊक आहे, म्हणून वाफ्यावर पाल्याचे आच्छादन घालू. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी घरच्या कुंड्यांना पुरवू. मेथी महिनाभरात काढणीला येते. नाताळच्या मिस्सेत पहिली जुडी अर्पणविधीत वेदीपुढे येईल आणि मग आपल्यातील आजारी व एकट्या वृद्धांच्या घरी जाईल.

संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) अंजिराचे एक झाड आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. भोवती खणीन, खत घालीन, म्हणतो. आपल्यासाठी प्रभूने मागून घेतलेले ते वर्ष हेच आहे, असे समजून वागू या. त्या माळ्याने झाडासाठी भाषण केले नाही, हाती कुदळ घेण्याची तयारी दाखवली.

स्तोत्रकार म्हणतो, की परमेश्वर दरिद्री माणसाला उकिरड्यावरून उचलून प्रतिष्ठितांमध्ये बसवतो (स्तोत्र ११३). त्याच्या या कामात आपला एवढा तरी वाटा असावा, की आपण कोणाच्याही दारी उकिरडा करणार नाही.

सृष्टीचा निर्माता परमपिता आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.