थाऱ्यावर नसलेल्या मनाची पारख

१९६४ साली कॅलिफोर्नियात ग्लोरिया नावाची तिशीतली घटस्फोटित आई कॅमेऱ्यासमोर पाठोपाठ तीन थेरपिस्टांना भेटली. लेकीने पुरुषमित्रांबद्दल विचारलं आणि आपण खोटं बोललो, हे तिला टोचत होतं. कार्ल रॉजर्सकडे तिने सरळ उत्तरच मागितलं. ते त्यांनी दिलं नाही, नुसतं मन लावून ऐकलं. फ्रिट्झ पर्ल्सनी तिला तोंडावर ढोंगी म्हटलं. अल्बर्ट एलिसनी तिच्या समजुतींची उलटतपासणी घेतली. उपयोगी कोण वाटलं? पर्ल्स, असं ती तेव्हा म्हणाली.

मत पुढे फिरलं. पर्ल्सनी खुणेने आपल्याला हात पुढे करायला लावून तळव्यावर सिगारेटची राख झटकली, असं तिने नंतर सांगितलं. रॉजर्सशी मात्र तिचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालू राहिला.

ज्याचं मनच थाऱ्यावर नाही, त्याने ते थाऱ्यावर आणणारा पारखायचा कसा?

आपल्याकडे हा प्रश्न गुरूच्या निमित्ताने फार जुना आहे. शरण जा, हे त्याचं एकमेव उत्तर नव्हे. एकनाथांनी ज्यावर टीका लिहिली त्या भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत चोवीस गुरू करतो. त्यांत अजगर आहे, पिंगला वेश्याही आहे. कुलार्णवतंत्र शिष्याला एका गुरूकडून दुसऱ्याकडे जायची मुभा देतं. गीतेच्या शेवटी कृष्णही अर्जुनाला सांगतो, की पुरता विचार कर आणि वाटेल ते कर. (लगेच शरण यायलाही सांगतो, हे खरं.)

थेरपिस्टची विद्या आपल्याला जोखता येत नाही. त्यासाठी कागद आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती बेलाशक विचारावी. औषधं हवी असतील तर सायकिअॅट्रिस्ट गाठावा. गुप्ततेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेलाच आहे.

वागणूक मात्र गोंधळलेल्यालाही कळते. रॉजर्सनी १९५७च्या लेखात अटच घातली होती, की थेरपिस्टची आस्था समोरच्याला थोडी तरी जाणवली पाहिजे. म्हणजे साक्ष त्याचीच. तासभर बोलून रडू आलं, राग आला, तर ते उपचाराचं लक्षण असू शकतं. अपमान वाटला तर ती गोष्ट निराळी. चतुर्थीचा उपास सांगितल्यावर थेरपिस्ट हसतो का? फी आणि सेशन्स विचारल्यावर आठी पडते का? आणि ‘दुसऱ्या कुणाकडे जाऊ का?’ हा प्रश्न त्यालाच विचारावा. काहीजण स्वतःहून दोन नावं लिहून देतात.