मरतांना बापानें मुलास काय द्यावें?

मनुष्य मरणाच्या दारीं आला म्हणजे त्याच्या मागें काय राहणार, ह्याची मोजदाद करण्यास नातलग चुकत नाहींत. जमीन किती, बैल किती, कोणाचें देणें, कोणाकडून येणें, हें सारें पांच माणसांसमोर बोललें जातें. परंतु एक वारसा असा आहे कीं, तो कोणत्याही कागदावर लिहिला जात नाहीं, तलाठ्याच्या दप्तरीं त्याची नोंद होत नाहीं, आणि तरीही तो बापाकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे न चुकतां जातो. तो वैराचा वारसा होय. शेताचे वाटे पडले म्हणजे शेत लहान होतें. वैराचे वाटे पडले तर प्रत्येक वांटेकऱ्यास तें सबंधच मिळतें.

ह्या वारशाचा विचार करतांना आम्हांस अर्स्किन चिल्डर्स ह्या गृहस्थांच्या मरणाची आठवण होते. त्यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच ऐकिलें असेल. ते लढाईवर गेलेले शिपाई होते, कायदा शिकलेले होते, आणि समुद्रावर त्यांचें मनापासून प्रेम होतें. इंग्लंडच्या पश्चिमेस आयर्लंड नांवाचें मोठें बेट आहे. तें कित्येक शतकें इंग्रजांच्या सत्तेखालीं होतें. त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या कामीं चिल्डर्स ह्यांचा अंत झाला. आणि तोही इंग्रजांच्या हातून नव्हे, तर कालपर्यंत त्यांचे सोबती असलेल्या आयरिश लोकांच्या हातून.

त्यांचा जन्म १८७० सालीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील सिलोनांत सरकारी नोकरीवर होते. तेथें त्यांस पाली भाषेची गोडी लागली व पुढें त्यांनीं पाली भाषेचा इंग्रजी कोश रचिला. अर्स्किन सहा वर्षांचा असतां वडील क्षयानें वारले. आईसही तोच रोग जडला होता, म्हणून तिला मुलांपासून दूर ठेवण्यांत आलें, आणि त्या मुलांस आई पुन्हां दिसली नाहीं. आयर्लंडांत ग्लेंडलॉ येथें त्याचा मामा राहत असे. मामी म्हणजेच त्याची सख्खी आत्या. त्या घरीं तो वाढला. पितृहीन मुलाचें जिणें कसें असतें, हें त्यास कोणी शिकविण्याची गरज नव्हती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

केंब्रिज येथें त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला. वकिली मात्र केली नाहीं; १८९५ पासून १९१० पर्यंत ते इंग्लंडच्या पार्लमेंटांत कारकून होते. कायद्याचे मसुदे रोज त्यांच्या नजरेखालून जात. सुटी मिळाली कीं ते लहानशी शिडाची होडी घेऊन समुद्रावर जात. जर्मनीच्या किनाऱ्याजवळ असा उथळ समुद्र आहे कीं, ओहोटी लागली म्हणजे कोसच्या कोस वाळू उघडी पडते व भरती येतांच ती बुडून जाते. त्या वाळूंतून त्यांनीं होडी हांकली, आणि त्या अनुभवावर १९०३ सालीं ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी लिहिली. तिच्यांत जर्मन लोक इंग्लंडावर स्वारीची गुप्त तयारी करीत आहेत, असें कथानक आहे. तत्पूर्वीं १९०० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील बोअर लोकांशीं झालेल्या युद्धांत ते स्वखुशीनें इंग्रजी तोफखान्यांत भरती होऊन गेले होते. सारांश, त्या वेळीं ते इंग्लंडचे एकनिष्ठ सेवक होते.

पुढें त्यांचें मन पालटत गेलें, आणि आयर्लंडास स्वराज्य मिळालें पाहिजे असें त्यांस वाटूं लागलें. बोस्टन शहराच्या एका डॉक्टरांची कन्या मॉली हिच्याशीं त्यांचा विवाह झाला होता. तिच्या मातापित्यांनीं लग्नाची भेट म्हणून नॉर्वे देशांत बांधविलेली एक होडी त्यांस दिली. तिचें नांव ‘आस्गार्ड’. मॉलीबाई पायांनीं अधू होत्या, तरी सुकाणू धरण्यांत कोणास हार जात नसत. १९१४ च्या जुलै महिन्यांत ह्या होडीवर पतिपत्नी व आणखी चौघे, अशा सहा माणसांनीं भर समुद्रांत एका जर्मन बोटीकडून ९०० बंदुका घेतल्या, आणि रात्रीच्या वेळीं इंग्रजी आरमारामधून वाट काढून त्या डब्लिनजवळ हाउथ बंदरीं उतरविल्या. त्या बंदुका पुढें १९१६ च्या बंडांत चालल्या. थोड्याच दिवसांत महायुद्ध पेटलें, आणि हेच चिल्डर्स इंग्रजी आरमाराच्या विमानखात्यांत दाखल झाले व शौर्याबद्दल पदक मिळवून परत आले. कोणी म्हणेल, असा मनुष्य खरा कोणाचा? आम्ही त्यांच्या वर्तनांतील विसंगति झांकूं इच्छीत नाहीं. ज्यांनीं बंदुका आणल्या त्यांचे हात रक्तापासून अगदीं दूर होते, असेंही आम्हांस म्हणतां येत नाहीं.

१९२१ सालीं आयरिश पुढारी इंग्रजांशीं तहाचें बोलणें करण्यास लंडनला गेले, तेव्हां चिल्डर्स त्यांचे चिटणीस होते. डिसेंबरांत तह झाला. त्यांत राजनिष्ठेच्या शपथेचें कलम होतें, आणि आयर्लंडास पूर्ण स्वातंत्र्य नव्हतें; म्हणून चिल्डर्स ह्यांनीं त्यास विरोध केला. देश दुभंगला. १९२२ च्या जून महिन्यांत आपसांत युद्ध सुरू झालें. हंगामी सरकारनें असा ठराव करून घेतला कीं, जो कोणी परवान्यावांचून शस्त्र बाळगील त्यास लष्करी न्यायसभेनें मरणाची शिक्षा द्यावी. १० नोव्हेंबर रोजीं, ज्या घरीं ते लहानाचे मोठे झाले त्याच घरीं चिल्डर्स पकडले गेले. त्यांच्यापाशीं एक लहानसें पिस्तूल सांपडलें. तें त्यांस मायकेल कॉलिन्स ह्यांनीं पूर्वीं मैत्रीची खूण म्हणून दिलें होतें. आणि कॉलिन्स हे तर तहाच्या बाजूचे मुख्य पुढारी, तीन महिन्यांपूर्वींच लढाईंत पडले होते. एका मित्राची भेट दुसऱ्याच्या मरणास निमित्त झाली.

चिल्डर्स ह्यांच्या वतीनें न्यायालयांत अर्ज झाला. युद्ध चालू असतां आम्हांस लष्कराच्या कामांत हात घालतां येत नाहीं, असें न्यायाधीशानें सांगितलें. त्यावर वरिष्ठ न्यायालयाकडे अपील करण्यांत आलें. त्या अपिलाचा निकाल लागण्यापूर्वींच, २४ नोव्हेंबर १९२२ च्या सकाळीं त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या.

मरणापूर्वीं त्यांच्या थोरल्या मुलास भेटीस आणिलें होतें. त्याचेंही नांव अर्स्किन. वय सोळा वर्षें. बापानें त्याजकडून दोन वचनें घेतलीं. पहिलें हें कीं, ज्यांनीं ज्यांनीं आपल्या मरणाच्या हुकुमावर सही केली, त्या प्रत्येकास शोधून काढून त्याशीं हस्तांदोलन करावें. दुसरें हें कीं, पुढेंमागें राजकारणांत शिरलास तर बापाच्या मरणाविषयीं लोकांपुढें कधीं बोलूं नये. सकाळीं चिल्डर्स ह्यांनीं गोळ्या घालणाऱ्या शिपायांपैकीं प्रत्येकाचा हात हातांत घेतला, आणि तुम्हांस सोपें जाईल, थोडे पुढें या, असें त्यांस सांगितलें.

आतां प्रश्न असा कीं, बापानें मुलावर असें ओझें घालावें काय?

प्रथम ही गोष्ट स्पष्ट असावी कीं, चिल्डर्स ह्यांनीं अन्यायास न्याय म्हटलें नाहीं. ते कायदा जाणणारे होते; शेवटपर्यंत त्यांचा अर्ज न्यायालयापुढें होता. आमच्यांत पुष्कळांस वाटतें कीं, क्षमा करणें म्हणजे ‘कांहीं झालेंच नाहीं’ असें म्हणणें. तें खरें नाहीं. जेथें कांहीं झालेंच नाहीं तेथें क्षमा कशाची करावयाची? अपराध अपराधच राहतो. आपल्या हक्कासाठीं सरळ मार्गानें दाद मागावी, आणि ती मागतांनाही मनांत वैर ठेवूं नये, हीं दोन्ही एका मनुष्याच्या ठायीं नांदूं शकतात.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. मरणाऱ्यास स्वतःवर झालेल्या अन्यायाची क्षमा करतां येईल. पण त्या मुलावरही अन्याय होत होता. त्याचा बाप त्याजपासून हिरावला जात होता. ती क्षमा मुलाची होती, बापाची नव्हे. बापानें ती परस्पर कशी देऊन टाकावी? नीट पाहिलें तर त्यांनीं ती दिली नाहीं. ‘माझ्या मुलाचें मन निर्मळ आहे’ असें त्यांनीं कोणास कळविलें नाहीं. त्यांनीं मुलास एक काम सांगितलें, आणि तें मनाचें नव्हे, हाताचें. मन कोणाच्या हुकुमांत नसतें, हात असतो. कोणी म्हणेल, मनांत आग असतां हात पुढें करणें हें ढोंग नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शेतकरी पावसाची वाट पाहत बसून नांगरट टाकीत नाहीं. पाऊस त्याच्या हातीं नाहीं, नांगर आहे. नांगरलेल्या जमिनींत पाऊस मुरतो. कडक जमिनीवरून तो वाहून जातो.

आणि ओझ्याविषयीं म्हणावें, तर बाप गप्प राहिला असता म्हणून तो मुलगा मोकळा झाला असता काय? सूड घे, असें सांगणारे शेंकडों लोक बाहेर उभे होते. ओझें त्याच्या डोक्यावर येणारच होतें. कोणतें तें बापानें निवडिलें. सह्या करणारे किती होते तें मोजतां येतें, म्हणून हस्तांदोलनाचें काम केव्हां तरी संपतें. सुडाचें काम संपत नाहीं.

तें कसें संपत नाहीं, हें त्याच देशांत दिसलें. केव्हिन ओहिगिन्स हे त्या सरकारांत मंत्री होते. १९२१ सालीं त्यांच्या लग्नांत रोरी ओकॉनर हे नवऱ्याचे पाठराखे म्हणून उभे होते. १९२२ च्या डिसेंबरांत एका सभासदाच्या खुनाचा बदला म्हणून सरकारनें चार कैद्यांस चौकशीवांचून गोळ्या घातल्या. त्यांत ओकॉनर होते, आणि त्या निर्णयास ओहिगिन्स ह्यांची संमति होती. दोन महिन्यांनीं ओहिगिन्स ह्यांच्या वडिलांस राहत्या घरीं ठार मारण्यांत आलें. १९२७ सालीं स्वतः ओहिगिन्स रविवारीं उपासनेस जात असतां रस्त्यांत मारले गेले. आणि प्राण जाण्यापूर्वीं त्यांनींही मारणाऱ्यांस क्षमा केली.

चिल्डर्स ह्यांचा मुलगा १९३८ सालीं पार्लमेंटांत निवडून आला. ज्या सरकारनें बापास मारिलें त्याचे मुख्य कॉसग्रेव्ह हे त्याच सभागृहांत समोरच्या बाजूस बसत. १९७३ सालीं देशाच्या अध्यक्षपदासाठीं निवडणूक झाली, तेव्हां त्याच्या विरुद्ध टॉम ओहिगिन्स उभे होते. हे त्या केव्हिन ओहिगिन्स ह्यांचे पुतणे. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या दोन घरांमध्यें रक्त आलें होतें, त्यांचा सामना आतां मतपेटीवर झाला. चिल्डर्स निवडून आले व पुढच्याच वर्षीं अधिकारावर असतांना वारले. ‘आस्गार्ड’ होडीचेंही असेंच झालें. ती सरकारनें विकत घेतली. तिजवर कित्येक वर्षें तरुण मुलांस शिडें सांभाळण्यास शिकविलें गेलें, आणि आतां ती डब्लिनच्या संग्रहालयांत आहे.

दुसऱ्या वचनाविषयीं आम्हांस विशेष बोलावयाचें आहे, कारण तें आमच्या अधिक जवळचें आहे. हात पुढें करणें हें एकदांचें काम; गप्प राहणें हें जन्माचें. बापाचें रक्त हें राजकारणांत मोठें भांडवल असतें, आणि तें बाजारांत नेऊं नको, असें त्या बापानें सांगितलें. आमच्या गांवांतून सूड घेणारे थोडे. पण आपल्यावरील अन्याय पारावर, पंचांत, आणि पुष्कळदां प्रार्थनेंतसुद्धां पुन्हां पुन्हां मांडून त्यावर मान व सहानुभूति मिळविणारे थोडे नाहींत. जखम भरली तर मिळकत बुडेल, म्हणून ती उघडी ठेवावयाची.

येथें आम्हांस आपलीही चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका वृद्ध बांधवाच्या बाजेपाशीं बसलों होतों. त्यांचा व त्यांच्या चुलतभावाचा बांधावरून जुना तंटा होता. त्यांस धाप लागली होती. त्यांनीं थोरल्या मुलाचा हात धरला आणि म्हटलें, “त्या घरचें पाणीसुद्धां पिऊं नको.” मुलानें मान हालविली. आम्हीं तें ऐकिलें. मरत्या मनुष्यास काय दुखवावें, असें वाटून आम्ही गप्प राहिलों. मग प्रार्थना केली व घरीं आलों. आज दोन्ही घरचे मुलगे तालुक्याच्या कोर्टांत तारखांवर तारखा घालीत आहेत, आणि रविवारीं एकाच मंदिरांत दोन बाजूंस तोंडें करून बसतात. त्या मुलास आम्ही कोणत्या तोंडानें उपदेश करावा? त्यानें बापाची आज्ञा पाळली. बोलण्याची वेळ आमची होती, आणि ती आम्हीं दवडली.

म्हणून शिक्षकबंधूंनो, आजाऱ्याच्या खाटेपाशीं बसावयाचें काम तुम्हांवर पुष्कळदां येतें. जमिनीचें व देण्याघेण्याचें बोलणें संपलें म्हणजे त्या मनुष्यास प्रेमानें एवढें विचारा कीं, बाबा, कोणाशीं तंटा राहिला आहे काय, आणि तो मुलास देऊन जावयाचा आहे काय? प्रभूनें वधस्तंभावर असतां ज्यांच्यासाठीं प्रार्थना केली, ते त्याचे मित्र नव्हते, हें त्यास आठवून द्या. हात हालत असेल तर बांधापलीकडच्या भावास बोलावून आणा. आणि त्या वेळीं मुलगा खोलींत असावा, हें विसरूं नका.