आधी फडकं, मग पाना

जुन्या गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसला, की बघणारा लगेच म्हणतो, "चेंबरचं पॅकिंग गेलं." डाग खाली पडलाय आणि इंजिनाचं सगळ्यात खालचं भांडं म्हणजे चेंबर. तेव्हा असं वाटणं साहजिकच आहे. पण जाणता मेकॅनिक इतक्यात पान्याला हात लावत नाही. तो आधी फडकं मागतो. इंजिन गार असताना ब्रश डिझेलमध्ये बुडवून तो वर्षानुवर्षांची काळी, चिकट मळी उतरवतो. सगळं पुसून कोरडं करतो. मग जिथे शंका आहे तिथे अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवतो. गाडीला एक फेरी मारून आणतो, बोनेट उघडतो आणि टॉर्च घेऊन वाकतो. आता पांढऱ्या पावडरीवर एक ओली रेघ उमटलेली असते. ती खालून वर वाचत जायची. तेल उताराने खाली येतं आणि गाडी चालताना वारा त्याला मागे रेटतो. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. गळती तिथे असते. कितीदा तरी ही रेघ वर, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या म्हणजे टॅपेट कव्हरच्या कडेपाशी जाऊन थांबते, नाहीतर ऑइल प्रेशरच्या अंगठ्याएवढ्या स्विचपाशी. चेंबरचं पॅकिंग धडधाकट असतं. वरून ओघळलेलं तेल त्याच्या कडेवर जमतं आणि तिथून थेंबाथेंबाने पडतं, एवढाच त्याचा संबंध. घाईने चेंबर उतरवलं असतं, तर दिवस गेला असता, पैसे गेले असते आणि दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच दिसला असता. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलायचं नसेल तर काही जण त्याचे नट आणखी आवळतात. जुन्या इंजिनांवर तिथे बहुधा कॉर्कचं पॅकिंग असतं. ते जास्त आवळलं की चिरतं, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती आधीपेक्षा वाढते. ज्याला कारण माहीत नाही, त्याच्या हातात जोर तेवढा उरतो. मला फडक्यापासून सुरुवात करण्याची ही रीत फार मोलाची वाटते. दोष दिसतो ती जागा आणि तो सुरू होतो ती जागा वेगळी असू शकते, हे त्या माणसाने गृहीतच धरलेलं असतं. म्हणून तो पुसतो, थांबतो आणि वर बघतो.

तेल निदान दिसतं. हवेची गळती दिसतही नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आठवा. १०८९ सीसीचं साधं, कार्बोरेटरवर चालणारं इंजिन. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने कित्येक वर्षं मुंबई वाहून नेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. हौसेने जपलेल्या पद्मिनी मात्र अजूनही दिसतात. अशी एखादी गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागते. आवाज वर-खाली होतो. कधी ती बंदच पडते. हमरस्त्याला लागली की मात्र छान पळते. मालक म्हणतो, "जरा स्लो वाढवून द्या." स्लो म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग. त्याचा स्क्रू थोडा पिळला की गाडी बंद पडायची थांबते, पण आजार तसाच राहतो. होतं असं, की गाडी उभी असताना कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन तर हवा ओढत असतात. त्यामुळे झडपेच्या खालच्या बाजूला मोठा शोष तयार होतो. तिथे एखादी रबरी नळी तडकली असेल किंवा कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग सुकलं असेल, तर चोरवाटेने जादा हवा आत शिरते. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा, तसं होतं. पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल असं प्रमाण लागतं. चोरून आलेल्या हवेने ते बिघडतं. वेगात झडप उघडते, शोष कमी होतो आणि आत येणाऱ्या भरपूर हवेत ही चोरटी हवा किरकोळ ठरते. म्हणून हा दोष धावताना लपतो आणि थांबल्यावर बोलतो. मेकॅनिक फूट-दोन फुटांची रबरी नळी कानाला लावतो आणि तिचं दुसरं टोक इंजिनाच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवतो. एका जागी बारीक फुसफुस मोठी होते. मग तो त्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारतो. क्षणभर इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली. गरम इंजिनावर पेट्रोलसारखं पेट घेणारं काहीही तो फवारत नाही आणि शर्टाची बाही इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवतो. शोष मोजायचं घड्याळ त्याच्याकडे असतं. तब्येतीने ठणठणीत इंजिन समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. पण दर हजार फूट चढलं की हा आकडा इंचभर उतरतो. महाबळेश्वर जवळजवळ साडेचार हजार फुटांवर आहे. तिथे तेच इंजिन चारेक इंच कमी दाखवेल आणि त्यात त्याचा काहीच दोष नसेल. म्हणून आकडा वाचण्याआधी गाडी कुठे उभी आहे, हे बघावं लागतं.

या दोन गळत्यांचं आपसात नातंही असतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली निसटतोच, अगदी चांगल्या इंजिनातही. तो बाहेर पडावा म्हणून इंजिनाला एक ब्रीदर असतो, म्हणजे श्वास सोडायची नळी. ती वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. आत काजळी आणि तेलाचा चिखल साचतो आणि नळी तुंबते. मग आतला दाब वाढत जातो आणि जिथे सील किंवा पॅकिंग कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. माणसं एक सील बदलतात, तर महिन्याभराने दुसरं गळतं. ते बदललं की तिसरं. दरवेळी नव्या सीलला नाहीतर ते बसवणाऱ्याला बोल लागतो. रिंगा फार झिजल्या नसतील, तर पुष्कळदा एवढंच करायचं असतं, की वीतभर नळी काढायची, आतून स्वच्छ धुवायची आणि परत लावायची. काही इंजिनांत हीच नळी इनटेकला, म्हणजे हवा आत ओढण्याच्या वाटेला जोडलेली असते. तिथे ती तुंबली तर तेल बाहेर येतं आणि फाटली तर हवा आत जाते. दोन तक्रारींचं मूळ एकाच नळीत निघतं. ते सापडावं म्हणून चांगला कारागीर एक शिस्त पाळतो. तो एका वेळी एकच गोष्ट करतो. एक नळी चिमटीत दाबून बघतो, आवाज ऐकतो, सोडतो, मग पुढची. एकदम चार भाग बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच चाचपडायचं. या कामाला लागणारी हत्यारं किती साधी आहेत बघा. फडकं, टॉर्च, पावडर, नळीचा तुकडा आणि रात्री गाडीखाली सरकवायला एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पुढची बाजू कोणती ते पेनने लिहून ठेवायचं, म्हणजे सकाळी थेंब कोणत्या भागाखाली पडले ते कळतं. थेंबाचा रंगही बघायचा. काळपट तपकिरी असेल तर बहुधा इंजिन ऑइल, हिरवट असेल तर रेडिएटरचं कूलंट. एसीचं नितळ पाणी असेल, तर काळजीचं काहीच नाही. या सगळ्यात महाग असं काही नाही. खरी किंमत आहे ती लक्ष देण्याची, आणि लक्ष आपल्या प्रत्येकाकडे असतं.

रोजच्या घरातही ही रीत कामी येते. एका घरातली लहान मुलगी रोज डबा तसाच परत आणायची. आईने भाजी बदलली, पोळीचा रोल करून दिला, पराठे दिले, शेवटी थोडी रागावलीही. एका संध्याकाळी तिने मुलीला जवळ घेतलं आणि नुसतं विचारलं, "मधल्या सुट्टीत तू काय काय करतेस गं? मला पहिल्यापासून सांग." मुलगी सांगत गेली आणि सांगता सांगता डब्यापाशी अडली. नव्या डब्याचं झाकण तिला उघडत नव्हतं आणि बाईंना सांगायची लाज वाटत होती. भाजीत काही कमी नव्हतं. दुसऱ्या दिवशी जुना डबा गेला आणि रिकामा परत आला. आपल्याकडे असे प्रसंग रोज येतात. रविवारी निवांत बसलं की मन उगाच अस्वस्थ होतं. तेव्हा रविवारवर राग धरू नये. आठवडाभर धावताना जे ऐकू आलं नाही, ते आता ऐकू येतंय, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी आमटीत मीठ कमी पडलं म्हणून आवाज चढला, तर तो मिठामुळे चढला का, की दुपारी ऑफिसात गिळलेला शब्द आत तुंबून होता, हे स्वतःला विचारावं. तो शब्द घरी आल्यावर कोणाला तरी शांतपणे सांगितला असता, तर आमटीवर पाळी आली नसती. सहकाऱ्याने तुटक उत्तर दिलं, तर तो आज कोणत्या चढावर आहे ते आधी बघावं. त्याच्या घरी कोणी आजारी असेल, रात्रभर जागरण झालं असेल. माणसं मुळात चांगलीच असतात. ओरखडा दिसतो तिथेच त्यांचा दोष असेल असं नाही. म्हणून आज घरातून निघताना एकच सवय सोबत घ्या. काही खटकलं तर लगेच आवळायला जाऊ नका. आधी मनावरचा जुना राग आणि जुने ग्रह पुसून बाजूला ठेवा. मग, "हे कुठून सुरू झालं असेल?" असा प्रश्न मनाशी विचारा आणि एक एक पायरी वर चढत जा. बदल एकच करा आणि त्याने काय झालं ते बघा. उत्तर पहिल्याच वेळी मिळेल असं नाही, पण शोधणाऱ्याचा आवाज आपोआप मऊ होतो आणि समोरच्यालाही मोकळं व्हायला जागा मिळते. मूळ सापडलं की उपाय बहुधा लहान निघतो, एखाद्या झाकणाएवढा. तो शोधण्याइतका वेळ आणि माया आपल्या सगळ्यांकडे आहे. आज ती कोणासाठी तरी नक्की वापरा.