पाऊण मिलिमीटर

जुलै लागला की कोल्हापूरचा माणूस फूट-इंचात बोलायला लागतो. "किती झालं?" एवढंच विचारायचं. कशाचं, ते सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण पावसाळ्यात सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा हा आकडा बघतो. २०१९ साली तो ५५ फुटांच्या वर गेला होता. त्यानंतर लोक म्हणाले, असा पूर आता आयुष्यात परत नाही. २०२१ साली तो ५६ च्या आसपास पोचला.

हे सगळं माहीत असूनही गेल्या वर्षी पप्पांनी नदीच्या अंगाला एक फ्लॅट पसंत केला.

टू बीएचके, गॅलरीतून नदी दिसणार. कर्जाला सहअर्जदार म्हणून माझं नाव लागणार होतं, म्हणून मी साइट बघायला गेलो. ती जागा मला आठवत होती. शाळेत असताना सायकलवरून जायचो तेव्हा तिथं ऊस असायचा, आणि पावसाळ्यात उसाचे फक्त शेंडे दिसायचे. आता तिथं मुरमाचा भराव होता. रस्त्यावरून सरळ चढून वर जायचं, एवढा उंच. सेल्समन अभिमानाने म्हणाला, "सर, एकोणीसच्या पुराच्या वर घेतलंय सगळं. पाणी आपल्याकडं येणारच नाही."

पप्पा खूश झाले. मला मात्र एक साधा प्रश्न पडला. आपल्याकडं येणार नाही, मग ते जाणार कुठं?

*

आधी नियम सांगतो, कारण मीही आधी नियमच शोधले. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, आणि त्यातली मुख्य अट अशी की जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवी.

"१०० वर्षांतून एकदा" हे शब्द फसवे आहेत. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के होते. २५ वर्षांच्या पुराचं हेच गणित केलं तर ५५ टक्क्यांच्या वर जातं. पण ते राहू दे. त्या नियमात मला जे खटकलं ते वेगळंच होतं. जोतं उंच घ्या, हा नियम माझं घर वाचवतो. माझ्या जोत्याखालच्या भरावाने जी जागा व्यापली, तिथलं पाणी कुणाच्या घरात गेलं, याचा हिशेब त्या अटीत नाही.

म्हणून मी तो हिशेब केला. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. त्यावर दोन मीटर भराव म्हणजे ८,००० घनमीटर, म्हणजे ८० लाख लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरचे ८०० टँकर. आकडा केवढा मोठा वाटतो! पण समजा, हे पाणी दहा चौरस किलोमीटरच्या पूरक्षेत्रात पसरलं, तर पातळी किती वाढेल? ०.८ मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरच्या आसपास. वाहत्या नदीचं खरं गणित इतकं सरळ नसतं, हे मला कळतं. तरी अंदाज यायला एवढं पुरेसं आहे.

मी हे पप्पांना दाखवलं. ते हसले. "पाऊण मिलिमीटर? अरे, एवढी तर आपल्या मोरीत साय धरते. आणि आपला फ्लॅट त्या अख्ख्या बिल्डिंगमधला एक. मंजुरी हाय, रेरा नंबर हाय, बँक कर्ज देतीया. आपण नाही घेतला तर दुसरा कोणतरी घेणारच हाय. मग आपण का नाही?"

या वाक्यात चार युक्तिवाद आहेत आणि चारही कमकुवत नाहीत. माझ्या कृतीने कुणाचं मोजण्याइतकं नुकसान होत नाही. ती कायदेशीर आहे. मी नाही केलं तरी ते होणारच आहे. आणि तिचा फायदा एका माणसाला निश्चित होणार आहे: ज्याने तीस वर्षं नोकरी करून भाड्याच्या घरात दिवस काढले, त्या माझ्या बापाला. मग यात चूक नेमकी कुठे आहे?

*

इंजिनिअरिंगला असताना एका सरांनी एक गोष्ट सांगितली होती. २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं. पण ०.१ हा आकडा बायनरीत नेमका लिहिता येत नाही, कुठेतरी तोडावा लागतो. तोडल्यामुळे होणारी चूक दर ठोक्याला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी होती. यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू राहिली, म्हणजे ३६ लाख ठोके. चूक ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने चुकीच्या जागी बघितलं, तिथं काही दिसलं नाही, आणि २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

या ३६ लाखांतला कुठला ठोका दोषी होता? कुठलाच नाही, असं म्हणता येईल. पण मग २८ माणसं कशाने मेली?

इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट याने १९८४च्या आपल्या पुस्तकात असाच एक पेच मांडला आहे. त्याच्या उदाहरणात हजार माणसं छळ करणारी आणि हजार सोसणारी. प्रत्येक जण एकच बटण दाबतो. त्या एका बटणाने कुणालाही जाणवेल इतकं दुखणं वाढत नाही. पण हजार बटणं दाबून झाली की हजार माणसं तळमळत असतात. प्रत्येक जण म्हणू शकतो की माझ्यामुळे कुणालाही जास्त दुखलं नाही, आणि ते खरंच असतं. पार्फिटचं म्हणणं असं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. "माझ्या एकट्याच्या कृतीने किती नुकसान झालं" एवढं विचारून भागत नाही. आपण सगळे मिळून जे करतो त्याने माणसं पोळत असतील, तर त्यात भाग घेणं चूक असू शकतं, मग माझा वाटा न जाणवण्याइतका का असेना.

वाचताना पटलं. पण पुस्तकातल्या हजार माणसांना चेहरे नसतात. पंचगंगेच्या पाण्याला पत्ता असतो.

*

माझा एक कॉलेजचा मित्र शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपती करतात. २०१९चा पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे मूर्ती जवळजवळ तयार. त्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर २००५च्या पुराची खूण आहे. त्या खुणेच्या वर फळ्या ठोकून त्यांनी मूर्ती चढवल्या आणि घरच्यांना घेऊन पाहुण्यांकडे गेले. पाणी त्या खुणेवर थांबलं नाही. खालच्या फळीच्या वर वीतभर चढलं आणि ती अख्खी रांग गेली. शाडूने पाण्यात विरघळायचं असतंच, पण आधी घरात बसून, आरती घेऊन.

वीतभर. त्यातलं किती पावसाचं, किती धरणांचं, किती आमच्यासारख्यांच्या भरावांचं, हे वेगळं काढता येणार नाही. २०१९नंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीच्या अहवालातही अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांचा उल्लेख आहे. पण शंभर एकर भरले तर माझ्या कच्च्या गणितात आठ सेंटिमीटर होतात, एका विटेची जाडी. फळी वाचते की जाते, हे पुष्कळदा एका विटेवर ठरतं.

मी त्याला फ्लॅटचं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "घे की. तू नाही घेतलास म्हणून पाणी काय आमच्याकडं यायचं थांबणार हाय? फक्त पूर आला की मूर्ती ठेवायला हॉल दे तुझा."

ज्याचं नुकसान होतं तोच माझ्या बापाचा युक्तिवाद मला ऐकवत होता. त्याने मला मोकळं केलं होतं, आणि नेमकं तेव्हाच मला ते घर नको झालं. पुराच्या दिवसांत मी उंचावरच्या हॉलमध्ये त्याच्या मूर्ती ठेवून घेणार, त्याच्या आईला चहा देणार, आणि आम्ही सगळे गॅलरीतून ते पाणी बघणार. तेव्हा मी मदत करणारा दिसेन. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

*

फ्लॅट आम्ही घेतला नाही. बुकिंगचे थोडे पैसे बुडाले. पप्पा दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. "तुझ्या मिलिमीटरपायी," एवढंच अधूनमधून म्हणायचे. पंधरवड्यात तो फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. भराव जिथं होता तिथंच आहे. म्हणजे पप्पांचा तिसरा युक्तिवाद अक्षरशः खरा ठरला. माझ्या नकाराने पंचगंगेची पातळी शून्य मिलिमीटरने कमी झाली.

मग नुसता नकार म्हणजे स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याची चैन झाली का? बऱ्याच अंशी, हो. आणि ती चैन मला परवडली, कारण माझ्याकडे दुसरा पर्याय होता. ज्याला शहरात दुसरीकडे जागाच परवडत नाही, त्याला मी पार्फिट सांगायला जाणार नाही. मी स्वतः पुण्यात ज्या सोसायटीत भाड्याने राहतो, तिच्या मागचा ओढा पाइपात घातलेला आहे. तिथं कुणाच्या घरात किती मिलिमीटर जातं, हे मी कधी मोजलेलं नाही.

आपलं शहर काही मुकं नाही. टोलच्या विरोधात कोल्हापूर वर्षानुवर्षं रस्त्यावर होतं, आणि शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला. पण टोलला नाका होता, पावती होती, रक्कम होती. कोण घेतोय आणि कोण देतोय हे दिसत होतं. भरावाची पावती फाडली जात नाही. घेणारा लाल रेषेत, देणारा कुंभार गल्लीत, आणि दोघांच्या मध्ये कुठेही नाका नाही.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात गेल्या दहा वर्षांत एकूण किती क्षेत्रावर भरावाला परवानगी दिली? उत्तर आलं की अशी एकत्रित माहिती संकलित केलेली नाही. प्रत्येक फाइल वेगळी, आपापल्या जागी नियमात बसणारी. बेरीज कुणाकडेच नाही. विचारायचं तर कुणाला? महापालिकेची मुदत २०२० साली संपली, आणि पुढची पाच वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते.

ते उत्तर वाचल्यावर मला माझ्यापुरतं उत्तर सापडलं. वाटा लहान आहे, म्हणून जबाबदारी लहान असेलही. पण बेरीज कुणीच करत नसेल, तर ती करणं ही वाटेकऱ्यांचीच जबाबदारी आहे. आता आम्ही चौघं शनिवार-रविवारी जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून भरलेले प्लॉट एका शीटमध्ये टाकतो. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा ही शीट जोडून द्यायची आहे. एका हरकतीचं वजन किती? पाऊण मिलिमीटर, फार तर. पण हरकतींचीही बेरीज होते.

मोजणी अजून संपलेली नाही. परवा मित्राने बसून एक अख्खा पट्टा पूर्ण केला. आणि गेल्या महिन्यात पप्पांनी फोनवर विचारलं, "त्या तुझ्या शीटमधे सोनारांच्या उसाची जागा घेतलीस का? तिथं परवा डंपर दिसले मला."

घेतली नव्हती. मी लिहून घेतली.